वरचा थर

कोणी काही म्हणो, पुण्यात दिवाळी पहिल्यांदा येते ती लक्ष्मी रस्त्यावर नव्हे, मार्केट यार्डात. रस्त्यावर आकाशकंदील लागण्याच्या कितीतरी आधी गुलटेकडीच्या भुसार बाजारात पोहे, हरभराडाळ, साखर आणि सुक्या खोबऱ्याच्या पोत्यांनी गाळे भरून जातात, टेम्पोंच्या रांगा लागतात आणि मिरचीच्या गाळ्यावरून जाणाऱ्याचे स्वागत शिंकेने होते. आमचे बिऱ्हाड जवळच, बिबवेवाडीला. त्यामुळे फराळाच्या सामानाची यादी घेऊन यार्डात जाण्याचे काम गेली कितीतरी वर्षे माझ्याकडे आहे. २०२५ च्या दिवाळीत मात्र त्या यादीत डाळ-साखरेच्या खाली मी माझ्या हाताने एक ओळ वाढवली : 'आवाज ठेवायची डबी'.

"ही कसली डबी?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पोर्टेबल एसएसडी," मी म्हणालो.

"मग तसं लिहा की! आणि फराळाच्या पैशांतून नको."

फराळाच्या पैशांतून नाहीच. पेपर तपासल्याचे मानधन हाती आले होते, साडेसहा हजार रुपये. तेवढ्यात जे बसेल ते घ्यायचे होते. पण ही गरज का पडली ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझा मूर्खपणा आहे आणि तो लपवून पुढे जाणे बरे नव्हे.

मी मराठी शिकवतो आणि मला बाजारातली मराठी गोळा करण्याचा छंद आहे. वर्गात 'धडा' म्हटले की मुले पुस्तकाचे पान उलटतात. तराजूवाल्याचा धडा निराळा : रिकाम्या भांड्याचे वजन भरून काढायला दुसऱ्या पारड्यात टाकलेला दगड! आडत, पट्टी, तोलाई, वाराई, बारदान अशा शब्दांच्या मागे मी एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन सात-आठ वर्षे हिंडलो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून खेडोपाडीच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या कितीतरी आज मूळ आवाजात ऐकता येतात. त्या डोंगरापुढे माझे एकशे चाळीस तास म्हणजे वारुळच. पण वारूळ माझे होते.

त्या तासांतले चार तास एका म्हाताऱ्या हमालाचे होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हा पोरवयात पाठीवर पोते घेतलेला हा माणूस. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीचे मोर्चे, १९६९ चा माथाडी कायदा, मग गुलटेकडीचा हा नवा बाजार, सगळे त्यांच्या पाठीवरून गेलेले. काम सुटले तरी सवयीने रोज सकाळी यार्डात येऊन बसत. रुमालाखाली बोटे दाबून भाव कसा ठरत असे, क्विंटलभराचे पोते उचलताना श्वास कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, असे दोन सकाळी ते बोलत होते आणि मी नुसता ऐकत होतो.

चांगल्या प्रतीचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. यंत्राचे कार्ड भरत आले, तेव्हा मी एका जाहिरातीतून एक डबी मागवली. दोन टेराबाइट, किंमत सतराशे रुपये! त्याच मापाच्या नामांकित डबीला दहा हजारांहून जास्त पडतात हे मला ठाऊक होते. तरी घेतली. मार्केट यार्डात तीस वर्षे फिरणाऱ्या माणसाने बाजारभावाच्या सहाव्या हिश्शात मिळणारा माल घ्यावा आणि आपण फार हुशार आहोत असे समजावे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. सगळी मुद्रणे त्या डबीत घातली, नावांची यादी डोळ्यांनी पाहिली आणि यंत्राचे कार्ड पुसून टाकले.

श्रावणात आबा गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा घरी आला. तोही यार्डातच हमाली करतो. म्हणाला, "सर, आबांचा आवाज तुमच्याकडं हाय असं ते सांगायचे. आईला ऐकवायचाय." मी मोठ्या उत्साहाने डबी जोडली. यादीत आबांचे नाव होते, तारीख होती, आकारही बरोबर होता. आवाज नव्हता. फाइल उघडेचना.

"दोन दिवसांनी या," असे मी त्याला सांगितले. त्या रात्री झोप आली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी यार्डात एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब आणि संगणक सांभाळतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला मुलगा संगणकात इतका तरबेज कसा झाला ते मला माहीत नाही; माझ्या शिकवण्यामुळे नव्हे एवढे नक्की. दुसऱ्या दिवशी गुळाच्या ढेपांच्या आड बसून त्याने सुरीच्या टोकाने ती डबी उघडली. आत जवळजवळ काहीच नव्हते. एका कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेले एक मेमरी कार्ड, बोटाच्या नखाएवढे.

"चौसष्ट जीबी," तो म्हणाला. "संगणकानं माप विचारलं की दोन टीबी म्हणून सांगायचं, असं हिला शिकवून ठेवलंय. चौसष्टपर्यंत सगळं नीट. त्यानंतरचा माल आत घेतल्याचं नुसतं नाटक. पावती मिळते, पोतं मात्र गोदामात जातच नाही."

चौसष्ट तास शाबूत होते, बाकी सगळे गेले. आबांचे चार तास बाकीत होते.

त्याने मला चहा पाजला, आणि मी साडेसहा हजारांचे सांगितल्यावर एकच प्रश्न विचारला, "सर, तुमचा माल किती आहे?" मी एक टेराबाइट घेण्याच्या गोष्टी करीत होतो. उरलेले चौसष्ट गिगाबाइट आणि पुढच्या काही वर्षांची आवक धरली तरी पाचशेच्या डबीत निम्मी जागा मोकळी राहणार होती! मोठे माप स्वस्तात घेण्यापेक्षा लहान माप चोख घ्या, हे त्याचे म्हणणे. मोठ्या मापाचा मोह मला सतराशे रुपयांना आणि आबांना पडला होता, तेव्हा मी मुकाट्याने मान डोलावली.

मापाबद्दल त्याने आधीच बजावून ठेवले. पाचशेची डबी विंडोजच्या संगणकाला लावली की ४६५ दिसते. गिऱ्हाईक चिडते, पण ही लबाडी नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, इतकेच. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने वजनमापांत दशमान पद्धत आणली, तोपर्यंत गावागावाचा शेर निराळाच होता की! योगायोग असा की त्याच १९५६ साली अमेरिकेत आयबीएमने चकतीवर माहिती साठवणारे पहिले यंत्र विकायला काढले. त्यात अक्षरे मावत पन्नास लाख आणि वजन सुमारे एक टन, म्हणजे आबांच्या हिशेबाने दहा पोती. आबांच्या चार तासांसाठी अशी आठशे यंत्रे लागली असती.

पुढचे शिक्षण प्रात्यक्षिकासह झाले. शेजारच्या गाळ्यावर हरभऱ्याची पोती उतरत होती. खरेदीदाराने पोत्यावरची मूठ पाहिलीच नाही. पोकळ टोकदार सळई त्याने पोत्याच्या पोटात खुपसली आणि तिच्यातून ओघळलेले दाणे तळहातावर घेतले.

"पुड्यावर सेकंदाला १०५० मेगाबाइट लिहिलेलं असतं ना, ती वरची मूठ," विद्यार्थी म्हणाला.

या डब्यांत फिरणारी चकती नसते. अब्जावधी सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. अशी स्मृती जपानात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. कप्प्याला पेला समजा. तो भरलेला आहे की रिकामा एवढेच पाहायचे तर काम झटपट होते. त्यातल्या पाण्याच्या आठ पातळ्या ओळखायच्या तर हात जपून चालवावा लागतो. सोळा ओळखायच्या तर फारच जपून. आठ पातळ्यांच्या डबीला टीएलसी म्हणतात, सोळांच्या डबीला क्यूएलसी. दुसरी बनवायला स्वस्त, पण लिहायला मंद. म्हणून कारखानदार थोड्या पेल्यांना 'भरले-रिकामे' एवढ्याच हिशेबाने वापरतो आणि आलेला माल आधी तिथे उतरवून घेतो. तो थर असेपर्यंत डबी वाऱ्यासारखी धावते. थर भरला की खरी चाल दिसते, आणि काही स्वस्त डब्या तर तेव्हा जुन्या हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून भुललेल्या पुणेकराला हे निराळे समजवायला नको.

त्याने दाखवलेले उदाहरण मला फार आवडले. क्रुशल कंपनीच्या एक्स ९ आणि एक्स ९ प्रो या दोन डब्या. वाचण्याचा वेग दोन्हींवर एकच लिहिलेला, १०५०. आत मात्र पहिली सोळा पातळ्यांची आणि दुसरी आठ. हमी पहिलीला तीन वर्षे, दुसरीला पाच. पुड्यावरच्या मोठ्या आकड्याने काहीच कळत नाही; कळते ते बारीक अक्षरांतून, आणि हमीच्या वर्षांतून थोडेबहुत. अर्थात रोज चार प्रश्नपत्रिका इकडून तिकडे नेणाऱ्याला पहिलीही पुष्कळ झाली. एका दमात शंभर गिगाबाइट ओतणाऱ्याला दुसरी हवी.

वेगाचीही हाव नको, असे त्याने बजावले. आमच्या महाविद्यालयातल्या संगणकाचे तोंड यूएसबी ३.० चे, म्हणजे सेकंदाला पाच गिगाबिटांचे. त्यातून प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे मेगाबाइटच पार होतात. मग दोन हजार वेगाच्या डबीला जास्तीचे पैसे कशाला? बैलगाडीच्या रस्त्यावर मोटारीचे भाडे! आणि मोबाइलच्या चार्जरची दोरी लावली तर त्याहून अनर्थ. तसल्या दोऱ्या बहुधा जुन्या २.० पद्धतीच्या असतात, चाळीस मेगाबाइटांच्या आसपास दम तोडतात. डबीबरोबर आलेली दोरी हरवू नये, हा त्याचा सल्ला मी घरी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

"म्हणजे नामांकित घराण्याची घेतली की काळजी मिटली?" मी विचारले.

"अजिबात नाही, सर." २०२३ साली सॅनडिस्कच्या नावाजलेल्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही डब्या एकाएकी संगणकाला दिसेनाशा होऊ लागल्या, लोकांचे काम गेले. कंपनीला दुरुस्तीची आज्ञावली काढावी लागली आणि अमेरिकेत दावेही दाखल झाले. हमी असते ती डबीची. पोते फाटले तर नवे पोते मिळेल, सांडलेले धान्य मिळणार नाही. म्हणून जे एकाच ठिकाणी आहे ते नाहीच असे धरायचे. दुसरी प्रत त्याने आपल्याजवळच्या एका जुन्या हार्ड डिस्कवर ठेवायचे कबूल केले. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती आमच्या आईला पटली असती : कोंडलेला विजेचा भार हळूहळू झिरपतो, म्हणून अशी डबी वर्षानुवर्षे कपाटात पडू द्यायची नाही, अधूनमधून संगणकाला जोडायची. धान्याला आपण ऊन दाखवतो तसे.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन मी आठ पातळ्यांची, पाचशे गिगाबाइटांची डबी पक्की पावती घेऊन आणली. साडेसहा हजारांतून थोडे उरलेही. त्या सुमारास मेमरीचे भाव चढू लागले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांनी जगभरचा माल उचलायला सुरुवात केली होती, आणि पुढे तर भाव कडाडलेच. यार्डात आवक घटली की कांद्याचे होते तेच.

डबी आणली, पण विद्यार्थ्याने मला तीत काही ठेवू दिले नाही. एक फुकट मिळणारी जर्मन आज्ञावली आहे, एचटूटेस्टडब्ल्यू नावाची. ती डबी काठोकाठ खोट्या मालाने भरते आणि मग तोच माल परत वाचून ताडून पाहते. सळई थेट तळापर्यंत खुपसायची, दुसरे काय! रात्री लावून मी चकल्या तळायला मदत करीत बसलो. दर दहा मिनिटांनी उठून पडदा पाहत होतो. शेवटी एकही चूक नाही असे उमटले, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्या हातावर पहिली चकली ठेवली.

चौसष्ट तास डबीत गेले. त्यांच्याबरोबर आणखी अकरा मिनिटे गेली. पहिल्या सकाळी यंत्र नीट चालते की नाही याची खात्री करायला मी आबांचे बोलणे मोबाइलवरही धरले होते, ते तिथेच राहून गेले होते. त्या अकरा मिनिटांखेरीज त्यांचे काही उरले नव्हते.

वसुबारसेच्या दुपारी आबांचा मुलगा आईला घेऊन गुळाच्या गाळ्यावर आला. झाले ते मी त्याला आधीच सांगितले होते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. विद्यार्थ्याने संगणकाचा आवाज मोठा केला. आबा बोलू लागले तसे बाहेरचे दोन-तीन हमाल पाठीवरचे पोते उतरवून दारात उभे राहिले. पोते उचलताना आधी पाय बोलतात, पाठ मागाहून, असे काहीसे आबा सांगत होते. मध्येच मिरचीचा ठसका लागून खोकले, हसले. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू ते समोरच होते.

मग माझा आवाज आला : "आबा, जरा थांबा हं. हे यंत्र नीट चालतंय का बघतो." आणि मुद्रण संपले.

"पुढं काय म्हनले?" आजींनी माझ्याकडे पाहून विचारले.

मी गुळाच्या ढेपेवर बसलो आणि आठवेल तसे तोंडी सांगू लागलो.