नगर परिवहन नियोजन

वाढत्या नगरातील रहिवाशांना घर, कामाचे ठिकाण, शाळा, बाजार, रुग्णालय इ. स्थळांदरम्यान सुरक्षितपणे, वाजवी वेळात व परवडणाऱ्या खर्चात ये-जा करता यावी, म्हणून रस्ते, पदपथ, सार्वजनिक वाहने, वाहनतळ व भूमिवापर यांची एकत्रित आखणी करण्याच्या प्रक्रियेस ‘नगर परिवहन नियोजन’ म्हणतात. नगर लहान असताना बहुतेक कामे पायी किंवा सायकलने होतात. वस्ती पसरू लागली, की अंतरे वाढतात आणि वाहनावाचून चालेनासे होते. नियोजनाचा विचार मात्र बहुधा कोंडी जाणवू लागल्यावरच होतो. तोपर्यंत रस्त्यांच्या कडेने इमारती उभ्या राहिलेल्या असतात व मार्गासाठी जागा मिळविणे अतिशय खर्चाचे होऊन बसते. त्यामुळे नियोजन किती अचूक आहे याइतकेच ते किती वेळेवर केले, याला महत्त्व असते.

सर्वेक्षण व पूर्वानुमान : या विषयाच्या आधुनिक पद्धती अमेरिकेतील डिट्रॉइट (१९५३–५५) व शिकागो (१९५५ पासून) या महानगरांच्या अभ्यासांतून विकसित झाल्या. प्रथम घरोघरी पाहणी करून लोक कोठून कोठे, कशासाठी, केव्हा व कोणत्या साधनाने जातात, याची माहिती गोळा करतात. तीवरून भावी प्रवासाचा अंदाज चार टप्प्यांत बांधतात : प्रत्येक विभागात किती प्रवास निर्माण होईल, तो कोणकोणत्या विभागांत वाटला जाईल, त्यासाठी कोणते साधन निवडले जाईल व तो कोणत्या मार्गाने होईल. केवळ चौकात उभे राहून वाहने मोजल्यास पायी जाणारे, तसेच सोय नसल्यामुळे प्रवासच टाळणारे लोक हिशेबात येत नाहीत. गरीब वस्त्या, वृद्ध व विद्यार्थी यांची गरज यामुळे दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो.

वाहने की माणसे : रस्त्याची उपयुक्तता त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवरून ठरवावी, हे या शास्त्राचे मुख्य तत्त्व होय. सु. १२ मी. लांबीच्या एका बसमधील ५० प्रवासी प्रत्येकी सरासरी दीड माणूस नेणाऱ्या मोटारींनी निघाले, तर ३३ हून अधिक मोटारी लागतात. त्या चालताना रस्ता व्यापतात आणि उरलेला दिवस उभ्या राहण्यासाठीही जागा मागतात. रस्ता रुंद केल्याने प्रश्न कायमचा सुटत नाही. गर्दीच्या वेळी मोकळी झालेली जागा इतर वेळांचे, इतर मार्गांचे व इतर साधनांचे प्रवासी पुन्हा भरून काढतात, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. मोटारींना वाट देण्याच्या भरात नगरातील राहण्यायोग्य वातावरण किती नष्ट होऊ द्यावयाचे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये कॉलिन बुकॅनन यांच्या १९६३ च्या अहवालाने मांडला.

सुधारणांचा क्रम : मध्यम आकाराच्या नगरात कमी खर्चाचे उपाय आधी योजणे श्रेयस्कर असते. अखंड पदपथ, सुरक्षित चौक, सावलीचे बसथांबे, नियमित बसफेऱ्या व वाहनतळांसाठी आकार हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यानंतर गर्दीच्या मार्गांवर बससाठी राखीव मार्गिका व प्रवासीसंख्या फारच मोठी असल्यास लोहमार्ग यांचा विचार करतात.

कुरितिबा : वेळेवर केलेल्या नियोजनाचे ठळक उदाहरण म्हणजे ब्राझीलमधील पाराना राज्याची राजधानी कुरितिबा. तेथील लोकसंख्या १९७० मधील सु. ६ लाखांवरून २०१० मध्ये सु. १७·५ लाखांवर गेली. वाढीचा अंदाज घेऊन १९६५ मध्ये स्वतंत्र नगरनियोजन संस्था स्थापण्यात आली व १९६६ मध्ये विकास आराखडा संमत झाला. नगर सर्व दिशांनी पसरू न देता काही ठराविक अक्षांवर वाढवावे, उंच इमारतींना त्या अक्षांलगतच परवानगी द्यावी आणि अक्षाच्या मधोमध बसची राखीव मार्गिका ठेवावी, असे त्याचे सूत्र होते. स्थापत्यविशारद जायमी लेर्नर हे १९७१ मध्ये महापौर झाल्यावर अंमलबजावणीस वेग आला. १९७२ मध्ये मध्यवर्ती बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला व १९७४ मध्ये पहिली द्रुतगती बससेवा सुरू झाली. पुढे सर्वत्र एकच भाडे ठेवल्याने दूर राहणाऱ्या गरीब कामगारांचा भार हलका झाला. १९९१ पासून नळीच्या आकाराचे थांबे आले. त्यांत भाडे आधीच घेतात व फलाट बसच्या तळाच्या पातळीवर असल्याने चढउतार झटपट होते. या व्यवस्थेलाही मर्यादा पडल्या. अक्षांलगतच्या जमिनी महागल्या, अनेक गरीब कुटुंबे नगराबाहेर गेली, खाजगी मोटारी वाढल्या व २०१० नंतरच्या दशकात बसप्रवाशांची संख्या घटली. आराखडा एकदा यशस्वी झाला, तरी त्याचे वारंवार पुनर्विलोकन आवश्यक असते, असे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील अनुभव : सायकलींचे शहर म्हणून एके काळी ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात औद्योगिक वाढीबरोबर स्वयंचलित दुचाकींचे प्रमाण झपाट्याने वाढले. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील बससेवा दीर्घकाळ वेगळ्या होत्या. प्रवासी मात्र रोज दोन्ही हद्दी ओलांडीत असल्याने २००७ मध्ये त्या एका महामंडळाकडे सोपविण्यात आल्या. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी प्रायोगिक राखीव मार्गिका सुरू झाली. मार्गिका सलग नसणे, इतर वाहनांची घुसखोरी आणि रस्त्याच्या मध्यावरील थांब्यांपर्यंत पोहोचण्यातील अडचणी यांमुळे तिचा अपेक्षित लाभ मिळाला नाही. मेट्रो रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. स्थानकापर्यंतची वाट व तेथून पुढची बस हे दुवे नीट नसल्यास अशा मोठ्या योजनेचाही पुरता उपयोग होत नाही. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यावर भर दिला असून, भूमिवापर व परिवहन यांचे नियोजन एकत्र करण्याची शिफारस केली आहे.