प्रायमाक्वीनचे चौदा दिवस

क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या उपचाराने हिवतापाच्या रुग्णाचा ताप उतरतो व घरची मंडळी निश्चिंत होतात. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात मात्र रोग तेथे संपलेला नसतो. क्लोरोक्वीनने रक्तातील जंतू मरतात. यकृतात सुप्तावस्थेत दडलेल्यांवर त्याचा परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ते रक्तात उतरतात आणि नव्याने डास न चावताही ताप उलटतो. त्यांच्या नाशासाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावे लागते. प्रौढास साधारणतः रोज १५ मिलिग्रॅम. बरे वाटू लागलेल्या माणसाला उरलेले अकरा दिवस गोळ्या घ्यावयास लावणे, हेच खरे कठीण काम. उपाशीपोटी घेतल्यास पोटात कळा येतात, हेही अर्धवट सोडण्याचे एक कारण असते.

हे औषध सर्वांनाच चालत नाही. तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणारे जी-६-पीडी नावाचे विकर काही व्यक्तींत जन्मतःच कमी असते. एरवी ही उणीव जाणवतही नाही. प्रायमाक्वीन पोटात गेल्यावर मात्र त्या पेशी फुटू लागतात. लघवी काळपट होणे, डोळे पिवळे पडणे, ओठ निळसर दिसणे, धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास गोळी तात्काळ थांबवून रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. गरोदर स्त्रिया व एक वर्षाखालील बालके यांना प्रायमाक्वीन देत नाहीत. म्हणूनच एका रुग्णाच्या उरलेल्या गोळ्या शेजारच्या तापकऱ्याला देणे धोक्याचे आहे.