महामार्गावर शिरताना गाड्या बोलू लागल्या तर

चाकणहून सुटे भाग घेऊन निघालेला ट्रक तळेगावजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागतो. तिथे ताशी १०० किलोमीटरने धावणारी मोटार सेकंदाला २८ मीटर कापते. आरसा पाहणे, मागच्याचा अंदाज घेणे, वेग वाढवणे, सगळे काही क्षणांत उरकावे लागते. अंदाज चुकला की मागचा करकचून ब्रेक दाबतो आणि रांग लागते.

परस्परांशी जोडलेल्या स्वयंचलित गाड्या अंदाजावर विसंबत नाहीत. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओलहरींनी सेकंदाला साधारण दहा वेळा कळवते. ट्रक जोडरस्त्यावर असतानाच संगणक क्रम ठरवतो. मागची मोटार वेग किंचित कमी करते, फट तयार होते.

ही कल्पना नवी नाही. १९९७ साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळ आठ मोटारी अवघ्या साडेसहा मीटर अंतराने आपोआप धावल्या होत्या.

मोशी-चाकणच्या नाशिक महामार्गावर मात्र दुचाकी, टेम्पो, पादचारी सगळेच असतात. त्यांच्याकडे रेडिओ नाही. तिथे कॅमेरा आणि रडारच हवे. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. म्हणून या तंत्राची सुरुवात तिथल्या मालट्रकांपासूनच व्हायला हवी.