फोनमध्ये शिरलेलं ‘एपीके’ खरंच काढायचं कसं?

पीएम किसानचा हप्ता जवळ आला की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘लाभार्थी यादी’, ‘केवायसी अपडेट’ अशा नावाच्या फाइली फिरायला लागतात. लग्नसराईत आमंत्रण पत्रिका येते, गाडीवाल्यांना ई-चलान येतं. नाव काहीही असू द्या, शेवटची तीन इंग्रजी अक्षरं ए-पी-के असली तर ती यादीही नाही आणि पत्रिकाही नाही. ते बांधून पाठवलेलं अख्खं अ‍ॅप आहे. खरी पत्रिका फोटो म्हणून येते, नाहीतर पीडीएफ.

“पण मेसेज तर आपल्या भाऊसाहेबांच्या नंबरवरून आला,” असं बरेच जण म्हणतात. आला असेल. त्यांच्या फोनमध्ये ते आधी शिरलेलं असतं आणि तिथून ते स्वतःच पुढं पाठवलं जातं. त्यामुळं ओळखीचा नंबर ही खात्री नाही.

प्ले स्टोअरच्या बाहेरचं अ‍ॅप बसवताना फोन अडवतो आणि परवानगी मागतो. अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. एकदा व्हॉट्सअ‍ॅपला दिली की पुढच्या वेळी ती आडकाठी राहत नाही. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधून सगळी बटणं आजच बंद करा. बसलेलं अ‍ॅप पुढं एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो.

आता काढायचं. इथंच लोक फसतात. ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला, डाऊनलोडमधली फाइल पुसली किंवा स्क्रीनवरचं चिन्ह काढलं, तरी अ‍ॅप आतच राहतं. काही बोगस अ‍ॅप तर स्वतःचं चिन्ह आपणच लपवतात.

बसवून झालं असेल तर आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, एअरप्लेन मोड लावला तर उत्तम. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं, यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. उद्या तालुक्याला गेल्यावर बघू म्हणू नका, पैसे पुढच्या खात्यांत पांगायला वेळ लागत नाही.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, सगळी अ‍ॅप्स असं जाऊन यादी सावकाश बघा. अनोळखी नाव किंवा बिननावाचं अ‍ॅप दिसलं की उघडून ‘अनइन्स्टॉल’ करा. बटण दबत नसेल तर त्यानं ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधात तेच नाव टाका, तिथला हक्क काढा, मग अनइन्स्टॉल करा. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’तही त्याचं नाव असेल तर बंद करा.

सेटिंग्ज उघडलं की आपोआप बंद होतंय? मग सेफ मोड. बऱ्याच फोनात पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि स्क्रीनवर आलेला ‘पॉवर ऑफ’ दाबून ठेवायचा. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळं काढता येतात. तेही जमलं नाही तर जाणकार दुकानदार केबलनं फोन कॉम्प्युटरला जोडून काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करून नेमकं तेवढंच पॅकेज काढू शकतो. पण त्याला ‘एडीबी’ येतं का, ते आधी विचारा. नाहीतर तो थेट फोन रिसेट मारेल आणि फोटो जातील. अगदी काहीच चाललं नाही तर फोटो, नंबर दुसरीकडं घेऊन रिसेट करावाच लागतो.

अ‍ॅप निघालं तरी त्यानं वाचलेलं परत येत नाही. म्हणून बँकेचा आणि जीमेलचा पासवर्ड, यूपीआय पिन हे सगळं दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. ##002# डायल केलं की ते रद्द होतं. तुमच्या कंपनीत हा नंबर चालला नाही तर कस्टमर केअरला सांगून बंद करून घ्या.