दान पोहोचते, पण टिकते का?

एखाद्या वस्तीत अभ्यासिका उभी राहते. कोनशिलेवर देणगीदाराचे नाव कोरले जाते, उद्घाटनाचा समारंभ थाटात पार पडतो. दोन-तीन वर्षांनी अनुदानाची मुदत संपते, ग्रंथपालाचे मानधन थांबते आणि दाराला कुलूप लागते. इमारत शाबूत असते. तेथे शिकणारी मुले मात्र पुन्हा रस्त्यावरील दिव्याखाली येतात. सेवाभावी संस्थांच्या जगात असे प्रसंग विरळा नाहीत. त्यांचे खापर दात्याच्या कंजूषपणावर फोडता येत नाही, कारण दोष बहुधा दान देण्याच्या पद्धतीतच असतो.

या पद्धतीचा मूलगामी विचार अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने केला. मृत्युपत्रांद्वारे ठेवलेल्या धर्मादाय निधींचा कारभार त्या काळी ट्रस्ट कंपन्या पाहत. दात्याने नेमून दिलेला हेतू काळाच्या ओघात निरर्थक ठरला, तरी पैसा अन्य कामाकडे वळवणे दुरापास्त होई. मृतांच्या इच्छेने जिवंतांच्या गरजांची वाट अडवावी, हे गॉफ यांना पटेना. म्हणून १९१४ साली त्यांनी क्लीव्हलँड फाउंडेशनची स्थापना केली. अनेकांचे लहानमोठे निधी एकत्र करावेत, मुद्दलाची गुंतवणूक बँकेने सांभाळावी आणि उत्पन्नाचे वाटप नागरिकांच्या समितीने करावे, अशी ती योजना होती. समितीतील काही सभासदांची नेमणूक महापौर व न्यायाधीश यांच्याकडे सोपवण्यात आली. कालबाह्य झालेला हेतू बदलण्याची मुभाही योजनेतच होती.

विशेष म्हणजे, वाटण्याजोगा पैसा फारसा हाती नसताना या संस्थेने आधी शहराचा अभ्यास आरंभला. १९१५ साली तेथील सार्वजनिक शाळांची पाहणी सुरू झाली. पुढे रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांच्या नेतृत्वाखाली शहरातील फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी झाली व तिचा अहवाल १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आधी गरज ओळखावी आणि मग थैली सोडावी, हा स्थानिक प्रतिष्ठानांचा पहिला धडा होय. त्यांचे खरे भांडवल शेजारच्या माणसांच्या ओळखीत असते. कोणती संस्था कागदावर काम करते आणि कोणती चिखलात, हे दूरच्या कार्यालयातून दिसत नाही. गावातल्या माणसाला ते सहज कळते.

महाराष्ट्रात दानाची परंपरा जुनी आहे आणि कायद्याची चौकटही आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा उभी केली. न्यासाचा मूळ हेतू पाळणे अशक्य झाल्यास न्यायालयाच्या आदेशाने निधी वळवण्याची तरतूदही त्यात आहे. १९९१ साली मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट स्थापन झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्यास सांगितले आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य देण्याचाही निर्देश दिला. तेव्हा पैशाचे नवे झरे फुटले आहेत, हे मान्य केले पाहिजे.

परंतु हे पाणी मुळांपर्यंत पोहोचायचे तर मधले पाट शाबूत हवेत. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने अशा देणगीतून अन्य संस्थेला रक्कम देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. गैरव्यवहाराला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि, परदेशी देणगी घेऊन ती खेड्यातील छोट्या मंडळांपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्रात भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च असा भेद केला जातो. दात्यांचा ओढा पहिल्याकडे असतो, कारण इमारतीचे छायाचित्र निघते. कार्यकर्तीच्या पगाराचे निघत नाही. पण समाजसेवेचे उत्पादन बहुतांशी माणसांच्या श्रमातूनच होते. पगार, भाडे, हिशेबनीस यांवरील खर्चाला उधळपट्टी मानणे म्हणजे शाळेला फळे द्यायचे आणि शिक्षक नाकारायचा. पगार उचलल्यास संस्था परावलंबी व आळशी होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. त्यावर उपाय मात्र आहेत: अनुदान तीन-पाच वर्षांचे असावे, दरवर्षी त्याचा काही वाटा कमी व्हावा, तेवढाच वाटा वस्तीने वर्गणीतून उभारावा आणि हिशेब त्याच वस्तीसमोर मांडले जावेत.

येथेच शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांची भूमिका येते. मोठी देणगी देणे त्यांच्या आवाक्यात नसेल; परंतु पाहणी करणे, हिशेब तपासणे आणि दरमहा थोडी वर्गणी देणे त्यांना निश्चितच शक्य आहे. ज्या कामात शेजाऱ्याचे चार पैसे व दोन डोळे गुंतलेले असतात, त्याच्या दाराला सहसा कुलूप लागत नाही.