परदेशांतील रुग्णालयांत उमेदवारी

वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण होणें आणि वैद्य होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रंथांतला ताप आणि खाटेवरचा ताप यांत पुष्कळ अंतर असतें. तें तुटावें म्हणूनच विद्यार्थ्यास अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं रुग्णालयांत उमेदवारी करावी लागते. आपल्या देशांत अशी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची आहे. असें असतां कांहीं विद्यार्थी परदेशांतील रुग्णालयांत महिनेच्या महिने काढतात, तें कशासाठीं? हौसेसाठीं, असें पुष्कळांस वाटतें. आणि कित्येकांच्या बाबतींत तें खोटेंही नाहीं. तथापि अशा मुक्कामाचें खरें मोल समजून घ्यावयाचें असेल, तर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची हकीगत पाहावी, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८४९ च्या जानेवारींत त्यांस अमेरिकेंत एम्. डी. ची पदवी मिळाली. त्या देशांत ही पदवी मिळविणारी ही पहिलीच स्त्री. परंतु पुढील अनुभवासाठीं योग्य जागा मिळेना, म्हणून त्यांनीं पॅरिस गांठलें. तेथील मोठ्या सरकारी प्रसूतिगृहांत त्यांस प्रवेश मिळाला, पण डॉक्टर म्हणून नव्हे, तर सुइणीचें काम शिकणाऱ्या मुलींपैकीं एक म्हणून! पदवी बाजूस ठेवून बाई त्या मुलींत राहिल्या, रात्रंदिवस पाळ्या केल्या, आणि ग्रंथांत वाचलेलें बाळंतपण स्वतःच्या हातांनीं शिकल्या. नोव्हेंबरांत एका अर्भकाचा पू आलेला डोळा पिचकारीनें धुतांना तें पाणी त्यांच्या डोळ्यांत उडालें. तेथल्याच ब्लो नांवाच्या तरुण डॉक्टरानें पराकाष्ठा केली, तरी एक डोळा कायमचा गेला. शस्त्रवैद्य होण्याची त्यांची उमेद तेथेंच संपली.

वैद्यकी मात्र त्यांनीं सोडली नाहीं. पुढें लंडनमध्यें सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत त्यांस सर्व विभाग मोकळे झाले. बंद राहिला तो नेमका स्त्रीरोगांचाच! याच काळांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशीं स्नेह जडला. सन १८५१ मध्यें त्या न्यूयॉर्कला परतल्या, तों तेथल्या रुग्णालयांचीं दारें लागलेलींच. तेव्हां १८५३ त त्यांनीं एक लहानसा दवाखाना उघडला, आणि १८५७ त गरीब स्त्रिया व मुलें यांसाठीं रुग्णालय काढलें. ज्या उमेदवारीसाठीं त्यांस समुद्र ओलांडावा लागला, ती स्त्री-डॉक्टरांस आतां स्वदेशींच मिळूं लागली.

आज परदेशीं जाणाऱ्यानें येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पदवी असूनही बाई शिकाऊ म्हणून राहिल्या. याच्या उलट, पदवी हातीं नसतांना दूरच्या गरीब देशांत जाऊन, स्वदेशीं ज्यास हात लावूं देणार नाहींत असें काम करूं पाहणारेही विद्यार्थी असतात. गरिबाचें शरीर म्हणजे कांहीं धुळाक्षरें गिरविण्याची पाटी नव्हे. तेथली भाषा थोडी तरी यावी, वरिष्ठांची परवानगी असावी. आणि हीं दोन्ही नसतील, तर नुसतें पाहावें. पाहण्यानेंही पुष्कळ शिकतां येतें.

ब्लॅकवेलबाई पुढें लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत प्राध्यापक झाल्या. या विद्यालयाची स्थापना १८७४ ची. परंतु रॉयल फ्री रुग्णालयानें आपले कक्ष त्याच्या विद्यार्थिनींस १८७७ पर्यंत खुले केले नव्हते, आणि तोंवर तेथलें शिक्षण अपुरेंच होतें. त्याच विद्यालयांत १८८९ सालीं आपल्या मुंबईच्या रखमाबाई दाखल झाल्या. १८९४ त त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षीं सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत कामास लागल्या.