जुन्या गाडीचे दार जड का होते?

देवास-धारकडे अजूनही काही घरांत मारुती ८०० दिसते. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, म्हणजे शेवटची गाडीही आता जुनीच. दार जड झाले की आपण ते जोरात आपटतो आणि दुखणे वाढवतो.

आधी दार अर्धे उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे. ते काम मेकॅनिकचे. हलत नाही, पण करकरते, तर बिजागरीत धूळ आणि जुन्या ग्रीसचा चिकटा बसला आहे. डब्ल्यूडी-४० मारा, पुसा आणि मग ग्रीस लावा. नुसता फवारा फार दिवस टिकत नाही. दाराखालची पाणी निघायची भोकेही काडीने मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजते.

दार अर्धवटच लागत असेल तर मात्र टाळाटाळ नको. वळणावर ते उघडू शकते. चौकटीवरचा खटका सरकवून घ्यावा लागतो. मागचे दार आतून उघडतच नसेल, तर मुलांसाठीचे लॉक लागले आहे का ते आधी पाहा. कित्येकदा तेवढेच असते, आणि गॅरेजचे पैसे वाचतात.